ठोके चुकतायत म्हणजे गोळी लागणारच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३८ वर्षांचे, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. आई ७१ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गेल्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हार्टच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, निघालं, डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची ॲपिक्साबॅन सुरू केली. त्याच सुमारास यांना स्वतःलाही मधेच ठोका चुकल्यासारखं व्हायला लागलं, इको नॉर्मल आला, २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) लावलं तर त्यात १४०० जादाचे ठोके, आणि डॉक्टर म्हणाले काही औषध नको. आता यांचं म्हणणं, "आईला धडधड जाणवतसुद्धा नाही तरी तिला जन्मभराच्या गोळ्या, मला दिवसभर जाणवतं तरी एकही गोळी नाही, हे उलटं झालंय का? नक्की कधी औषध द्यायचं असतं?"

उलटं झालेलं नाही, दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. पण तुमचा गोंधळ मी समजू शकतो, कारण ओपीडीत रोज हाच गोंधळ समोर बसलेला असतो आणि पाच मिनिटांत तो कुणी सोडवून देत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ईसीजी किंवा होल्टरवर ठोके वेडेवाकडे दिसले एवढ्यासाठी औषध देत नाहीत. औषध द्यायला कारण लागतं आणि अशी कारणं तीनच आहेत. एक, त्या रिदममुळे, म्हणजे ठोक्यांच्या लयीमुळे, पुढे काहीतरी मोठं होऊ शकतं, म्हणजे पॅरालिसिसचा झटका किंवा अचानक मृत्यू, ते टाळायचं. दोन, सतत वेगाने किंवा चुकीचं धडधडून हार्टचा पंप हळूहळू कमजोर होतोय, तो वाचवायचा. तीन, माणसाला इतका त्रास होतोय की झोप नाही, कामात लक्ष नाही, तो त्रास कमी करायचा. तुमच्या हातात कुणी गोळी दिली की ती या तिघांपैकी कशासाठी आहे हे विचारा. आणि त्रास होणं न होणं हे तिसऱ्या कारणापुरतंच महत्त्वाचं आहे, पहिल्या दोन कारणांना तुम्हाला काय जाणवतं याच्याशी काही देणंघेणं नाही. आईंना गोळ्या मुख्यतः पहिल्या कारणासाठी आहेत, तुमच्याकडे पहिली दोन कारणं नाहीत आणि तिसरं अजून तेवढं मोठं नाही, एवढाच फरक.

आधी तुमचं बघू. जादाचा ठोका म्हणजे काय होतं, तर हार्टच्या खालच्या कप्प्यातला एखादा ठिपका आपली पाळी यायच्या आधीच ठोका देतो. तेव्हा कप्पा पुरता भरलेला नसतो म्हणून तो ठोका मनगटाला लागतच नाही, तुम्हाला वाटतं ठोका गेला. मग हार्ट थोडं थांबतं, त्या थांबण्यात जास्तीचं रक्त भरतं आणि पुढचा ठोका असा जोरात पडतो की छातीत कुणी आतून ढकलल्यासारखं होतं. घाबरवतो तो हा पुढचा ठोका, आणि तो तर अगदी नॉर्मल असतो! रात्री डाव्या कुशीवर झोपलं की हे जास्त जाणवतं कारण हार्ट छातीच्या भिंतीला टेकतं आणि आजूबाजूला शांत असतं. चांगल्या धडधाकट माणसालाही होल्टर लावलं तर असे ठोके सापडतात. दिवसाचे एकूण ठोके साधारण एक लाख धरा, त्यात तुमचे १४०० म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही.

मग तरी एक साधी गोळी देऊन बंद का नाही करायचे, असं तुम्ही म्हणाल. पूर्वी आम्ही डॉक्टर लोकही असंच म्हणायचो, आणि त्याची किंमत पेशंटनी जिवाने मोजली आहे. १९८० च्या दशकात सगळ्यांना पटलेलं होतं की हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला असे ठोके जास्त असले तर अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. हे निरीक्षण खरंच होतं. त्यावरून पुढचा हिशोब असा केला की ठोके बंद केले तर मृत्यू कमी होतील. एन्केनाइड, फ्लेकेनाइड या गोळ्या त्यात एकदम पटाईत, दिल्या की होल्टर स्वच्छ. मग अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली आणि त्यात या गोळ्यांनी ज्यांचे ठोके खरोखर कमी होतात अशाच पेशंटना पुढे घेतलं होतं, म्हणजे गोळी काम करतेय हे आधीच दिसलेलं. तरी १९८९ मध्ये चाचणीतला या दोन गोळ्यांचा भाग मधेच थांबवावा लागला. १९९१ मध्ये पूर्ण आकडे छापून आले, गोळी घेणारे ७५५, त्यातले ६३ दगावले, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे ७४३, त्यातले २६. ठोके गेले आणि माणसं जास्त गेली. कारण अशी गोळी हार्टमधला विजेचा प्रवाह सावकाश करते, आणि ॲटॅकने जिथे डाग पडलाय तिथे तोच सावकाश झालेला प्रवाह गोल गोल फिरत राहून जीवघेणा रिदम सुरू करू शकतो. रिदमच्या औषधांकडे बघायची आमची नजर त्या चाचणीने कायमची बदलली, मी तर प्रत्येक ज्युनियरला हे आकडे पाठ करायला लावतो. रिदम सुधारायची जवळजवळ प्रत्येक गोळी वेळ आली तर रिदम बिघडवूही शकते, म्हणून ती गरज असेल तरच.

गरज केव्हा? ठोके एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या आसपास, तर पंप कमजोर होण्याची शक्यता सुरू होते आणि वीस टक्क्यांच्या वर ती बरीच वाढते. अशा पेशंटचा इको आम्ही ठराविक काळाने बघतो आणि पंप उतरायला लागला तर बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग आणि जोर कमी करणारी गोळी, आईंचं मेटोप्रोलॉल त्यातलंच) किंवा अ‍ॅब्लेशन, बऱ्याचदा अ‍ॅब्लेशनच जास्त चांगलं पडतं, त्यात बारीक नळीने हार्टमध्ये जाऊन तो ठिपका जाळतात. ठोके कमी असले पण माणूस अगदी हैराण असेल तरी थोडे दिवस बीटा ब्लॉकर देऊन बघतो. त्याने ठोक्यांची संख्या फार कमी होईलच असं नाही पण तो जोराचा ठोका बोथट होतो आणि माणसाला बरं वाटतं. बदल्यात थकवा, हातपाय गार पडणं, पल्स कमी होणं हे येऊ शकतं. तुम्ही टेकडीवर चालायला जात असाल तर दम लवकर लागतोय असं वाटेल. दमा असेल तर बीटा ब्लॉकर जपून, तिथे डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलचा विचार होतो, पण तेही पंप चांगला असेल तरच. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल दोन्ही एकत्र मात्र मनाने कधीच घ्यायचे नाहीत, पल्स एकदम खाली जाऊ शकते.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, साध्या जादाच्या ठोक्यांसाठी अ‍ॅमिओडॅरोन घेऊ नका. होल्टरचा रिपोर्ट जाडजूड आला म्हणून कुणीतरी सुरू केलेली ही गोळी घेऊन चाळिशीतले लोक माझ्याकडे येतात, दोन दोन वर्षं चालू असते, थायरॉइड एकदाही तपासलेला नसतो. औषध वाईट नाही, योग्य जागी ते प्राण वाचवतं. पण २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळपास ७५ मिलिग्रॅम आयोडिन असतं, त्यामुळे थायरॉइड वरही जातो आणि खालीही. लिव्हरवर परिणाम, उन्हात कातडी भाजणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुफ्फुसाला सूज, जी कोरड्या खोकल्याने सुरू होते आणि लोक हवा बदलली म्हणून सोडून देतात. शरीरातून ते पूर्ण जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात म्हणजे बंद केलं तरी लगेच सुटका नाही. ज्यांना खरंच लागतं त्यांनी दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी आणि वर्षाला एक छातीचा एक्सरे करायचाच.

कुठलीही गोळी सुरू करायच्या आधी कारण शोधायचं असतं हेही सांगून ठेवतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, इको. थायरॉइड वाढलेला असेल तर तो नीट केला की कधी कधी रिदम आपोआप जागेवर येतो. सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करायचं औषध असतं त्याने धडधड होते. दम्याचा पंप जास्त मारला की होते. बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे आणि त्यात पावसाळ्यात जुलाब लागले की पोटॅशियम खाली जातं आणि ठोके सुरू होतात. घोरणं भरपूर, दिवसा पेंग येते, मान जाड, तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया तपासा, तो तसाच ठेवून रिदमची औषधं दिली तर ती टिकत नाहीत. दारू, तंबाखू, गुटखा यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. चहा-कॉफीवर मात्र लोक उगाच सगळा दोष टाकतात, तुम्हाला स्वतःला कॉफीनंतर वाढतं असं स्पष्ट दिसत असेल तर कमी करा, नाहीतर दोन कप चहाने काही बिघडत नाही.

पण तुमच्याच वयाच्या माणसाला मी "काही नको" म्हणणार नाही अशा खुणा आहेत, त्या नीट वाचा. पळताना किंवा जिना चढताना शुद्ध हरपली, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय, धडधडीबरोबर छातीत दुखतं किंवा डोळ्यापुढे अंधारी येते, इकोत पंप कमी आहे किंवा स्नायू जाड आहे, ईसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्यात खालच्या कप्प्यांची वीज सुरू होऊन शांत व्हायला लागणारा वेळ) लांबलेला आहे. यातलं काहीही असेल तर ठोके किती याला महत्त्व नाही, सरळ रिदमच्या स्पेशालिस्टकडे. क्यूटी लांबलेला असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठीचं ऑनडॅनसेट्रॉन अशी अगदी रोजची औषधंही धोक्याची ठरतात, म्हणून अशा माणसाने मेडिकलच्या काउंटरवरून परस्पर अँटिबायोटिक घेणं बंदच करायला पाहिजे.

आता आईंचं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हार्टचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे डाव्या कप्प्याच्या एका छोट्या पिशवीत रक्त रेंगाळतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. एएफ असलेल्या माणसाला स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट असतो आणि आईंना धडधड जाणवत नाही म्हणून तो कमी होत नाही. उलट न जाणवणारं एएफ जास्त फसवं, कारण पहिलं लक्षणच स्ट्रोक असू शकतं.

गोळी कुणाला द्यायची हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही, गुण मोजतो. हार्ट फेल्युअर असेल तर १, बीपी १, शुगर १, आधी हार्ट ॲटॅक वगैरे रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा जास्त असेल तर २, आधी स्ट्रोक येऊन गेला असेल तर २. पूर्वी बाई असण्याचाही एक गुण धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनने तो काढून टाकला. दोन किंवा जास्त झाले तर रक्त पातळ करायची गोळी द्यायचीच, एक असेल तर पेशंटशी बोलून ठरवायचं. आईंचं वय, बीपी, शुगर मिळून तीन झाले. या गटात औषधाशिवाय शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना दर वर्षी स्ट्रोक येतो आणि गोळीने तो धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे आईंच्या त्या दोन गोळ्यांमधली जास्त महत्त्वाची गोळी रिदमला हातसुद्धा लावत नाही! बरेच लोक नेमकी तीच सोडतात, कारण ती घेतल्याने काही वाटत नाही आणि सोडल्यानेही काही वाटत नाही.

माझे एक पेशंट होते, निवृत्त शिक्षक, सगळं वेळेवर करणारे. औषधांनी त्यांचा रिदम नॉर्मल झाला, ईसीजी छान आला, घरी कुणीतरी म्हणालं आता रक्त कशाला पातळ करायचं, त्यांनी आम्हाला न विचारता ती एकच गोळी बंद केली. दोन-तीन महिन्यांनी सकाळी चहा पिताना तो ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळायला लागला, त्यांना कळलंच नाही, बायकोने पाहिलं. वेळेत आणलं म्हणून चालायला लागले पण बोलणं पूर्वीसारखं परत आलं नाही. रिदम नॉर्मल झाला तरी गुण तेच राहतात हे प्रत्येकाला समजावून सांगायला हवं, कारण एएफ अधूनमधून येऊन जातं आणि प्रत्येक वेळी कळतंच असं नाही.

अ‍ॅस्पिरिनने भागेल का हा पुढचा हमखास प्रश्न. नाही भागत. २०११ मध्ये अ‍ॅपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिन यांची थेट तुलना झाली, स्ट्रोक अ‍ॅपिक्साबॅनने कितीतरी कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावाचा धोका दोन्हींचा जवळपास सारखाच निघाला. त्यामुळे एएफसाठी "हलकं म्हणून अ‍ॅस्पिरिन" याला काही अर्थ नाही.

डोस मात्र तपासा. अ‍ॅपिक्साबॅनचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २.५ चा डोस कधी, तर वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, या तिघांपैकी दोन गोष्टी असतील तेव्हा. वय झालंय म्हणून, बारीक आहेत म्हणून, भीती वाटते म्हणून अर्धा डोस देतात तेव्हा स्ट्रोकपासून संरक्षण कमी होतं. गोळीचा असर साधारण बारा तासांचा असतो, एक दिवस चुकली की कवच गेलं. विसरली तर आठवल्यावर घ्यायची, पण दोन एकदम नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गुडघेदुखीच्या गोळ्या बरोबर घेऊ नका, रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉल चालतं. दात काढायचा असेल तर स्वतःहून आठवडाभर बंद करायची नाही, डेंटिस्टला आणि आम्हाला दोघांना विचारा, बऱ्याचदा एखादा डोस मागेपुढे करून भागतं. आणि पडून डोक्याला मार लागला तर टेंगूळ दिसत नसलं तरी थेट कॅज्युअल्टी.

यात एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्याकडे फार दिसतो. लहानपणी सांधेतापातून व्हॉल्व्ह अरुंद झालेला असेल, किंवा धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळ्या चालत नाहीत. तिथे जुनी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच. २०२२ मध्ये सांधेतापाने बिघडलेल्या व्हॉल्व्हच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, त्यात रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवरच्या लोकांमध्ये मृत्यू कमी होते. या गोळीला आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) बघावा लागतो, साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा, धातूच्या व्हॉल्व्हला कधी त्याहून वर. पालक, मेथी बंद करायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची. काढे, अर्जुनसाल, कुणी दिलेली पुडी, जे काही घेत असाल ते आम्हाला सांगा, आम्ही रागावत नाही, पण आयएनआर वर गेल्यावर कारण शोधत बसावं लागतं.

आईंची दुसरी गोळी मेटोप्रोलॉल, ती वेग आवरायला. वरच्या कप्प्यातून मिनिटाला तीनशे-चारशे इशारे खाली यायला बघतात, मधला नोड (वरच्या-खालच्या कप्प्यांमधली विजेची गाठ) स्वारगेटच्या चौकातल्या हवालदारासारखा त्यातले मोजकेच सोडतो, मेटोप्रोलॉल त्या हवालदाराला जरा कडक करतं. आईंची धाप बहुतेक या वेगामुळेच असावी, तेव्हा वेग उतरला की जिना सोपा वाटेल. बसल्या जागी पल्स ११० च्या आत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरतं, त्रास राहिला किंवा पंप कमी असला तर अजून खाली आणायचा. पल्स मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एएफमध्ये ते चुकतं. बीपीही मशीनवर तीनदा घेऊन सरासरी काढा. मेटोप्रोलॉल एकदम बंद करायचं नाही, वेग उसळून येतो.

वेगावर समाधान मानायचं की रिदमच नॉर्मल करायचा हा प्रश्न आईंच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे. २००२ च्या एका मोठ्या चाचणीनंतर बरीच वर्षं आम्ही म्हणायचो की दोन्ही सारखंच, वेग आवरा आणि पुढे चला. मग २०२० मध्ये ईस्ट नावाच्या चाचणीत दिसलं की एएफ कळल्यापासून वर्षाच्या आत रिदम नॉर्मल ठेवायचा प्रयत्न सुरू केला तर हार्टच्या आजाराने मृत्यू, स्ट्रोक, हार्टसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागणं हे सगळं मिळून कमी होतं. आईंना महिनाच झालाय, धापही आहे, तर पुढच्या व्हिजिटला त्यांच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा. त्यासाठी औषध असेल, रिदम जागेवर आणायला विजेचा शॉक असेल किंवा अ‍ॅब्लेशन, ते हार्टच्या स्थितीवर ठरतं. शॉक द्यायचा झाला तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ करायची गोळी न चुकता झालेली लागते आणि नंतर किमान चार आठवडे, म्हणून आत्तापासून एकही डोस चुकवू नका. वेग आवरायला डिगॉक्सिन दिलं तर किडनी बघून दिलं पाहिजे, मळमळ, जेवण नकोसं होणं, पिवळं दिसणं असं झालं की लगेच दाखवा.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, कारण असे प्रश्न येतातच, की धडधड एकदम सुरू होते, मिनिटाला १५० ते २०० च्या घरात, आणि एकदमच थांबते. ही बहुतेक एसव्हीटी, म्हणजे हार्टच्या वरच्या भागातून येणारी वेगाची धडधड. वर्षातून एखाद वेळी येत असेल तर रोजची गोळी नको, युक्ती शिकून घ्या. अर्धवट बसलेल्या स्थितीत १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये तोंडाने असं फुंकायचं की दट्ट्या जेमतेम हलेल, १५ सेकंद, मग लगेच दुसऱ्याने तुम्हाला आडवं करून दोन्ही पाय ४५ अंश वर उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ च्या चाचणीत या पद्धतीने शंभरातल्या ४३ जणांची एसव्हीटी थांबली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांमध्ये १७. डोळे दाबायची जुनी पद्धत करू नका, डोळ्याला इजा होते. नाही थांबली तर कॅज्युअल्टीत अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन. वारंवार येत असेल तर जन्मभर गोळ्या खाण्यापेक्षा मी अ‍ॅब्लेशन सुचवतो, नेहमीच्या प्रकारांमध्ये पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास लोक त्यातून मोकळे होतात. ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (वरच्या-खालच्या कप्प्यांमधली विजेची जन्मजात जादा वाट) असेल आणि त्यात एएफ झालं तर व्हेरापामिल, डिगॉक्सिन धोक्याचे, म्हणून तो ईसीजी मोबाइलमध्ये कायम ठेवा.

ठोके सावकाश असतील, पल्स चाळीसच्या खाली, चक्कर येते, तर तिथे कायमची अशी गोळी नाहीच, पेसमेकर लागतो. पण त्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब, हो, डोळ्यात घातलेलं औषधही पल्स खाली आणतं. खालच्या कप्प्यातला वेगवान जीवघेणा रिदम आणि कमजोर पंप असेल तर छातीत बसवायचं आयसीडी (असा रिदम ओळखून आतूनच शॉक देणारं यंत्र) हे मुख्य संरक्षण आणि गोळ्या त्याच्या सोबतीला, गोळ्यांवर भागवायचं नाही.

उपासाचं एक राहिलं. एकादशी, चतुर्थी, नवरात्र काहीही असो, गोळ्या घ्यायच्याच, गोळीने उपास मोडत नाही. शुगरच्या गोळ्यांचं मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारून घ्या. अ‍ॅपिक्साबॅन रिकाम्या पोटी चालते पण रिव्हारोक्साबॅनच्या १५ आणि २० च्या गोळ्या जेवणाबरोबरच लागतात नाहीतर पूर्ण शोषली जात नाही, मग त्या दिवशी खिचडीबरोबर, भगरीबरोबर घ्या. आणि निर्जळी उपास लघवीची गोळी घेणाऱ्यांनी करू नये.

तर तुमच्यासाठी : आत्ता औषध नको, टीएसएच आणि पोटॅशियम झालं नसेल तर करून घ्या, ठोके वाढले किंवा दम कमी पडायला लागला तर परत होल्टर. जाणवत असतानाच ईसीजी मिळाला तर सोनं, घड्याळात ईसीजीची सोय असेल तर त्या वेळी तीस सेकंदांची पट्टी काढून ठेवा. आईंसाठी : तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काहीही दिसलं तर १०८, थोडा वेळ बघू असं करायचं नाही. आणि आईंचं वजन, शेवटचं क्रिएटिनिन आणि अ‍ॅपिक्साबॅन ५ चं आहे की २.५ चं एवढं कळवा, म्हणजे डोस बरोबर आहे का ते सांगतो.